गनी मास्तरांची माळीण

नऊ हात ना? गुलाबाची चादर, कडेनं निशिगंध — होईल की, न व्हायला काय झालं. परवा दिवाळी नि ईद एकाच आठवड्यात आल्या, तर झेंडूच्या माळा नि मजारीच्या चादरी दोन्ही ह्याच हातांनी काढल्या, पाठ टेकायला फुरसत नव्हती. तुमचा तर रविवार हाय, चार दिवस पडलेत मधे. नाव काय लिहू, कुणासाठी? — कोण? — गनी मास्तर. काझीपुऱ्यातले, उर्दू शाळेवर होते, शायर — तेच ना? — मंग नाय होणार. दुसरीकडं बघा. नाय, पैशाचं काय नाय, ते पाकीट ठेवा खिशात. फुलंही हायेत, हातही हायेत. पण त्या माणसाच्या कबरीवर रेडिमेड चादर? अहो, तुम्ही कॉलेजात शिकवता म्हणता, त्यांच्यावर पुस्तक लिहिताय म्हणता, आणि तुम्हाला एवढं ठाऊक नाय? का ठाऊक हाय, आणि कार्यक्रमाच्या कमिटीनं सांगितलं म्हणून आलात? — तसंच असणार. बसा. त्या क्रेटवर बसा, त्यातली फुलं गेली सकाळीच. काय नाव म्हणालात — ललित. बरं, ललित सर. ते आमंत्रणाचं कार्ड इकडं द्या जरा. वाचता येतं मला, सातवी शिकलेय मी, सायखेड्याच्या शाळेत.

बघा, हे छापलंय ना वरती मोठ्या अक्षरात — ‘फुलं आली, बोटं आली नाहीत. सांगा, मी काय बांधू?’ — हे तुम्ही पोरांना शिकवता म्हणे. वक्तृत्वाला पोरं म्हणतात, टाळ्या घेतात. आणि मास्तरांच्या ह्याच ओळी छापून तुम्ही माझ्याकडं तयार चादर मागताय. हसू नाय येत तुम्हाला? मला येतं. मला तर लय येतं.

त्यांची रीत सांगते, ऐका. मास्तरांचे एक उस्ताद होते, त्यांना लिहायला-वाचायला शिकवणारे, ते वारलेले. त्यांची बरसी रजबच्या महिन्यात यायची — आपल्या कॅलेंडरनं दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकायची. त्या दिवशी मास्तरांच्या अंगणात माणसं जमायची आणि प्रत्येकानं फुलांची एक लड ओवायची. एक माणूस, एक लड. स्वतःच्या हातानं. गवंडी असो, वकील असो, बागवान असो — मामलेदार आला होता एका वर्षी, त्याला सुईत दोरा घालता येईना, बोटाला टोचून घेतलं, पाचच फुलं ओवली त्यानं. मास्तर म्हणाले, चालतील, पाच तर पाच, तुमची हायेत ना. आणि मग ज्यानं त्यानं आपली लड शेजारच्याच्या लडीला बांधायची, ती गाठही स्वतःच मारायची. अशी सगळी लडी-लडीची चादर व्हायची — कुठं झेंडू, कुठं शेवंती, कुठं नुसता पारिजातकाचा चुरा — दिसायला काय सुरेख नसायची, खरं सांगते, फूलवालीच्या डोळ्यानं बघितलं तर गबाळीच. मग पुरुष ती कब्रस्तानात न्यायचे, बाया अंगणातच थांबायच्या. मास्तर म्हणायचे, खुदी म्हणजे हेच — आपल्यात अहंकार म्हणतात ते नव्हे हां, मला आधी तसंच वाटलेलं — आपलं म्हणून जे काय हाय ते आपण स्वतः घडवायचं. जो स्वतः कुणी नाय तो जमातीत येऊन आणणार काय? गर्दी वाढवणार. आणि ज्याची लड लय भारी हाय पण कुणाला बांधलेली नाय, त्याची लड संध्याकाळपर्यंत सुकली. हे ते मराठीत सांगायचे, शुद्ध, तुमच्यासारखं. त्यांच्या शेरातलं मला निम्मं नाय कळायचं, पण हे कळायचं. हे कळायला माळी असावं लागतं.

मी तिथं कशी गेले? माझे मालक वारले अठ्ठ्याहत्तरला. एकतीस वर्षांची होते मी. दीर म्हणाला, मळ्यात खुरपायला ये, पण मी म्हटलं, बाजारात बसते, आपलीच फुलं आपणच विकते. बसले. आणि काय झालं ठाऊक हाय? बाया यायच्या, फुलं बघायच्या, माझ्या कपाळाकडं बघायच्या आणि पुढच्या दुकानात जायच्या. लग्नाचं, पूजेचं, सत्यनारायणाचं फूल माझ्या हातचं नको. दोन वर्षं नाय — बरं, एक वर्ष असेल — मी सकाळी भरून आणलेली पाटी तशीच संध्याकाळी गंगेला, आपल्या गोदावरीला, सोडायचे. तेव्हा हे टोपीवाले मास्तर यायचे, सुटी फुलं घ्यायचे, कधी ओवलेली नाय. एकदा विचारलं मी, मास्तर, ओवून देते की, तेवढंच काम मला. तर म्हणाले, ओवून नको, तुम्ही या आणि तुमची ओवा. मी म्हटलं, मी? मला तर देवाच्या दारातही कुणी — तर म्हणाले, तुम्ही कोण ते त्या बायांना ठरवू देणार का? बस्स, एवढंच. कोण बोललं होतं मला असं? आईनंही नाय. मी गेले. त्यांच्या बायकोनं, बिल्किसभाभीनं, जागा करून दिली शेजारी, आणि मी माझी लड तिच्या लडीला बांधली. चौदा वर्षं. एकही वर्ष चुकलं नाय. मी डावरी हाय बघा — सुई डाव्या हातात, त्यामुळं माझी गाठ उलटी बसते. तिथं अंगणात सगळ्यांना ओळखू यायची, अरे ही रंगूबाईची. त्यांनी मला माणसात आणलं, सर. म्हणून तर पुढचं एवढं लागलं. परक्यानं दगा दिला तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो.

आता ती ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. डिसेंबरात जे झालं ते झालं, आणि रजब आला तो नेमका जानेवारीत. मुंबई पेटलेली, पेपरात रोज आकडे. इथं काय तसं झालं नव्हतं, पण बाजारात बोलणं बदललं होतं. जी माणसं काल एकमेकांच्या तंबाखूला चुना लावत होती ती गप्प. माझा दीर देवराम — तोच आता बाजार कमिटीवर हाय, त्याचा फोटो बघितला असेल बोर्डावर — त्यानं घरी येऊन सांगितलं, वहिनी, यंदा त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाय. टाकलं तर मळ्यातलं फूल बंद. आता मी काय करायचं? सांगा ना, तुम्ही शिकलेले. माझ्या दोन मुली लग्नाच्या, फूल सगळं त्याच्या मळ्यातलं. मी नाय गेले. पण लड पाठवली! ते कुणी सांगत नाय. भ्याले, कबूल, पण लड पाठवली मी. इथंच शेजारी कादरभाई बसायचे, चादरीचं काम करायचे, ह्या बाजारात त्यांच्याएवढी बारीक सुई कुणाची नव्हती. ते बरसीला चालले होते. त्यांच्याकडं दिली, म्हटलं, माझी म्हणून बांधा भाभीच्या शेजारी.

आणि ती परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी, भर बाजारात, वर्तमानपत्रात गुंडाळून. कादरभाईंनीच आणली, मान खाली घालून. म्हणाले, मास्तर म्हणतात, रंगूबाई जेव्हा येतील तेव्हा बांधतील. मास्तरांनी ती लड हातात घेतली म्हणे, उलटसुलट करून बघितली, आणि बाजूला ठेवली, सगळ्यांसमोर. चौदा वर्षं येणारं माणूस! अहो, काझीपुरा इथून दहा मिनिटांच्या वाटेवर. नाय येता आलं मला तर तुम्ही यायचं होतं. विचारायचं होतं, रंगूबाई, काय अडचण हाय? मी काय त्यांच्या वर्गातली पोर होते का, गृहपाठ तपासून परत करायला? माणूस मोठा का नेम मोठा? सांगा. त्या दिवसांत, सर, त्या दिवसांत एका माळणीनं आपल्या माणसांच्या नजरेखालून त्या गल्लीत फुलं धाडली ह्याचं काहीच नाय? मी त्यांना त्या दिवशी मनातनं जे काढलं ते काढलं. ते वारले तेव्हाही नाय गेले. भाभीचं माणूस आलं होतं बोलवायला. नाय गेले.

काय? — नाय नाय, माझीच होती. म्हणजे माझीच. झेंडू आमच्या मळ्यातला, दोरा माझा. — ओवली कुणी म्हणजे? — हे कमिटीनं विचारायला सांगितलं का तुम्हाला? — बरं, तुम्हीच विचारताय. अहो, त्या दिवशी देवराम सकाळपासून दुकानासमोर उभा. मी सुई हातात घेतली तर त्याला कळणार, बरसीची लड ओवतेय. तेव्हा वर्षातनं एकदाच मी स्वतः लड ओवायचे, बाकीच्या ओवायला बाया असायच्या रोजावर. मग मी पाटीतली एक घेतली. तयार होत्या त्यातली. तशीच दिली असं नाय हां — शेवटची गाठ सोडली आणि माझी मारली. उलटी. म्हटलं, अंगणातल्या त्या गर्दीत कोण एवढं निरखतंय, गाठ माझी दिसली की झालं. — हो, तेच. आख्खी लड उजव्या हाताची आणि शेवटी एक गाठ डाव्या हाताची. मास्तरांनी ती बघितली असणार. नुसती दुसऱ्याची लड असती तर कदाचित बांधलीही असती, मी विचार केलाय त्यावर, लय विचार केलाय. पण ती गाठ बघितली, आणि —

जाऊ द्या. पण म्हणून काय त्याची कविता करायची? लड परत केली, मी गिळलं. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, त्यात ही ‘माळणीची लड’, ह्या कार्डावरच्या ओळी तिच्यातल्याच. नाव नाय घातलं माझं, उपकारच केले, पण ह्या बाजारात चौदा वर्षं त्या अंगणात जाणारी माळीण दुसरी कोण होती? लोकांना वाटतं, कुणीतरी कल्पनेतली बाई. मी हाय ना इथं, जिवंत, पालकाच्या गाडीशेजारी बसलेली! भ्यालेली बाई म्हणजे मी. फुलं पाठवते आणि बोटं मागं ठेवते ती मी. माझ्या नातीच्या शाळेत बाईंनी वाचून दाखवली ती कविता, पोर घरी येऊन म्हणते, आज्जी, ती माळीण किती वाईट ना. मी भाकरी थापत होते. काय सांगू तिला? ज्यानं मला विचारलं, तुम्ही कोण ते बायांना ठरवू देणार का — त्यानंच ठरवून टाकलं मी कोण. छापून ठरवलं. याला दगा नाय म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि एवढा मोठा विचार, माणूस नि जमात, जमात नि माणूस — तर कादरभाईवर एक ओळ तरी लिहिली का त्यांनी? शोधा त्या पुस्तकात. नाय सापडणार.

कादरभाईंचं काय म्हणजे? — अहो, त्या सकाळी लड परत आली ती सगळ्या बाजारानं बघितली. देवराम उठला, पुडकं माझ्या हातातून घेतलं, उंच धरलं, म्हणाला, बघा, आमच्या विधवा बाईनं श्रद्धेनं पाठवलेली फुलं ह्यांनी फेकून दिली. दोन मिनिटांत गर्दी. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं — ती माझी नव्हती, पाटीतली होती. तेवढं म्हटलं असतं की संपलं असतं तिथंच, हसले असते लोक मला. आणि कादरभाईंना ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मी पाटीत हात घातला होता. ते माझ्याकडं बघत होते, मी बोलेन म्हणून. मी नाय बोलले. आणि ते — तेही नाय बोलले. बोलले असते तर मी खोटी पडले असते, माझ्या माणसांसमोर, म्हणून गप्प राहिले. मग शेतकऱ्यांनी ठरवलं, ह्याला फूल द्यायचं नाय. मखमलाबादचा गुलाब बंद, मातोरीची शेवंती बंद. तीन आठवडे तो माणूस रोज येऊन रिकाम्या फळीवर बसायचा. मास्तर आले का तेव्हा? जमात आली का? ते घरी बसून कविता लिहीत असतील माझ्यावर! चौथ्या आठवड्यात कादरभाई मालेगावला गेले, सासुरवाडीला, लूमवर कामाला. ज्या बोटांनी निशिगंधाची कळी न मोडता ओवायची त्या बोटांनी सूत जोडायला. जाताना मला म्हणाले, रंगूबाई, ह्या कोपऱ्यावर दुपारी ऊन उतरतं, फुलं करपतील, पोतं बांधत जा.

— हो. हाच कोपरा. हाच गाळा. देवरामनं करून दिला माझ्या नावावर. माझी जागा पूर्वी तिकडं होती, मुतारीच्या भिंतीला. मी बसले इथं. नसते बसले तर दुसरं कुणी बसलं असतं, असं म्हणत बसले. मास्तर एकदा आले होते त्या उन्हाळ्यात, समोर उभे राहिले, मला इथं बघितलं, आणि काही न घेता गेले. एक शब्द बोलले असते तर मी भांडले असते. कडाडून भांडले असते. तेही करू दिलं नाय मला.

बस. लय बोलले मी. तुम्ही सरबत घ्याल का? — नको. मग निघा, चादर दुसरीकडं — काय म्हणालात? मालेगावला जाऊन आलात? कादरभाईंना भेटलात? कधी, गेल्या महिन्यात? कसे हायेत? — डोळ्याचं ऑपरेशन झालं, बरं. म्हणजे लूमवर जात नसतील आता. आणि ती धाकटी? — शिक्षिका झाली! हुशारच होती ती, इथं फळीखाली बसून पाढे म्हणायची. — माझं? माझ्याबद्दल काय विचारलंत तुम्ही त्यांना? आणि ते काय म्हणाले? — सावकाश सांगा, घाई नाय मला.

रंगूबाईनं माझ्या डोळ्यांदेखत ओवली. एकेक फूल. — असं म्हणाले? असंच? — आणि मास्तरांची नजर त्या दिवशी चुकली, बाईवर अन्याय झाला, तुमच्या पुस्तकात तेवढं दुरुस्त करा. हेही म्हणाले. म्हणजे तुम्ही त्यासाठी आला होता. चादर निमित्त होतं. तुम्ही माझ्या बाजूनं लिहायला आला होता, मास्तर चुकले असं लिहायला, सगळं तयार होतं तुमचं, मी फक्त हो म्हणायचं होतं. आणि मी अर्धा तास —

अकरा वर्षं झाली हो. त्या माणसाचं दुकान गेलं, गाव गेलं. आणि अजून तो माझी —

लिहून घेतलंत का हे सगळं? बघू वही. — नाय, दाखवू नका. आणि फाडू पण नका. पेन देऊ नका माझ्या हातात, खोडून टाकीन. चांगुलपणा म्हणून नाय सांगत मी, सर. तुम्ही आत्ता पान फाडलंत तर उद्या तुम्ही परत याल, आणि मी तुम्हाला सांगेन, कादरभाई बोलले तेच खरं, एकेक फूल मीच ओवलं. शपथेवर सांगेन. मला मी ठाऊक हाय. उठा आता, वही बंद करा आणि जा.